रेफरल क्लब काढताय? हॉल आणि फ्लेक्स सगळ्यात शेवटी

सोलापुरात धंद्याच्या ओळखी वाढवणारा क्लब काढायचा ठरला की पहिला फोन हॉलवाल्याला जातो, दुसरा फ्लेक्सवाल्याला आणि तिसरा उद्घाटनाच्या पाहुण्यांना. पहिल्या बैठकीला खुर्च्या कमी पडतात. चौथ्या बैठकीला निम्म्या रिकाम्या असतात आणि दिवाळीनंतर उरतो तो सकाळी फुलांचे फोटो येणारा व्हॉट्सॲप ग्रुप.

यात माणसं वाईट नसतात, क्रम चुकलेला असतो. रेफरल क्लबचं काम एकच आहे. एका धंद्याचा एकच सभासद घ्यायचा आणि प्रत्येकाने आपल्या ओळखीतलं खरं गिऱ्हाईक दुसऱ्याला, नीट बोलणं करून, जोडून द्यायचं. भिशी, मित्रमंडळ, समाजाची संघटना, व्याख्यानमाला या सगळ्या चांगल्या गोष्टी आहेत, पण त्या वेगळ्या. त्यातलं थोडं थोडं मिसळलं की रेफरल मागे पडतं, म्हणून ते मिसळू नका.

पुढचे टप्पे ज्या क्रमाने दिलेत त्याच क्रमाने करा. सुरुवातीपासून पक्क्या क्लबपर्यंत साधारण तीन महिने लागतात.

टप्पा १ : पाच जण जमवा, पन्नास नकोत

सुरुवातीला पाच जण पुरे. या पाचांची निवड करताना मैत्री नंतर बघा, आधी हे बघा की यांची गिऱ्हाइकं एकच आहेत, पण धंदे वेगळे आहेत का. आर्किटेक्टकडे जो माणूस येतो त्यालाच पुढे टाइल्स, वायरिंग, फर्निचर आणि गृहकर्ज लागतं. मंगल कार्यालयाची तारीख ज्याने घेतली त्याला केटरर, मंडप, फोटो, पत्रिका, दागिने लागतात. गणवेशाच्या कारखान्याला सूत आणि कापडाबरोबर खोके, छपाई, ट्रान्सपोर्ट, मशीनचा मेकॅनिक आणि सीए लागतो. अशी साखळी असेल तर रेफरल आपोआप सुचतं. साखळी नसेल तर माणूस कितीही सज्जन असला तरी दर आठवड्याला रिकाम्या हाताने येतो आणि त्यालाच लाज वाटून यायचा थांबतो.

पाचांपैकी निदान तिघं वेगवेगळ्या साखळ्यांतले ठेवा, म्हणजे पुढे प्रत्येक साखळी त्यांच्यामागे वाढवता येईल.

कामं आत्ताच वाटून घ्या. एक जण बैठक चालवेल, एक जण वही आणि रेफरलच्या चिठ्ठ्या (टप्पा ७ बघा) सांभाळेल, एक जण पैसे बघेल, एक जण नव्या माणसांची चौकशी करेल, एक जण पाहुण्यांना बोलावेल. अध्यक्ष, उपाध्यक्ष, कार्याध्यक्ष, सल्लागार ही पदं सहा महिने तरी ठेवू नका. पद आलं की सत्कार येतो, सत्कार आला की वीस मिनिटं जातात.

*सावधान :* पाचांत सख्खे भाऊ, मेहुणे किंवा एकाच फर्मचे भागीदार दोन नकोत. पुढे एखाद्याला काढायची वेळ आली तर क्लबची चर्चा घरच्या जेवणात होते.

टप्पा २ : वर्गवारीचा तक्ता

सोलापुरात सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो. 'एका धंद्याचा एक माणूस' हा नियम सगळे ऐकून असतात, पण धंदा म्हणजे नक्की काय हे कोणी लिहून ठेवत नाही. मग तक्त्यात 'टेक्स्टाइल' असा एकच रकाना पडतो आणि त्यात जो पहिला आला तो बसतो. ज्या गावाचं पोट कापडावर आहे तिथे 'टेक्स्टाइल' हा एक वर्ग म्हणजे शेतकऱ्यांच्या बैठकीत 'शेती' हा एक वर्ग.

तो रकाना फोडा. सूत व्यापारी, चादर उत्पादक, टॉवेल उत्पादक, शाळेचे गणवेश, हॉटेल-हॉस्पिटल-कारखान्यांचे गणवेश, डाइंग, एम्ब्रॉयडरी, लूम आणि शिलाई मशीनची दुरुस्ती, पॅकिंगचे खोके, साड्यांचं दुकान, पडदे-फर्निशिंग हे सगळे वेगळे वर्ग आहेत. यातले बरेच एकमेकांचे स्पर्धक नाहीत, उलट गिऱ्हाईकच आहेत.

आता फोडताना कसोटी काय लावायची? एकच प्रश्न विचारा : एखाद्या गिऱ्हाइकाचा फोन आला तर तो या दोघांपैकी कोणालाही चालेल का? चालणार असेल तर तो एकच वर्ग. चादर आणि टॉवेल दोन्ही काढणारे एकाच कारखान्यात असतात, तेव्हा त्या माणसाने मुख्य माल कोणता ते ठरवून एकच रकाना घ्यायचा. दुसरा रकाना तो अडवून ठेवू शकत नाही. हे पहिल्याच दिवशी सही घेऊन सांगा. नंतर सांगितलं तर भांडण होतं.

विम्याचंही तसंच. आयुर्विमा, आरोग्य विमा आणि वाहन-दुकान-कारखान्याचा विमा असे वर्ग होऊ शकतात, पण प्रत्यक्षात एकच एजंट तिन्ही विकत असेल तर दुसऱ्याला आत घेण्याआधी पहिल्याची लेखी सहमती घ्या.

तक्ता कसा करायचा : एका मोठ्या कागदावर चार साखळ्या आखा. घर-बांधकाम, लग्न-समारंभ, कारखाना-व्यापार आणि रोजच्या सेवा (सीए, विमा, दवाखाना, संगणक दुरुस्ती, प्रवास बुकिंग वगैरे). प्रत्येकीखाली आठ-दहा रकाने. एकूण ३५ ते ४० रकाने होतील. त्यातले २४-२५ भरले की क्लब उत्तम चालतो. उरलेले रिकामे दिसत राहू द्या. 'आपल्याकडे प्लंबर नाही' हे प्रत्येक बैठकीत दिसलं की कोणाला तरी प्लंबर आठवतोच.

*तपासा :* एका साखळीत १० आणि दुसरीत एकच माणूस असं झालंय का? तो एकटा टिकणार नाही. त्याच्या साखळीतले आणखी दोघं येईपर्यंत त्याला थांबायला सांगा.

टप्पा ३ : वार, वेळ, जागा

आठवड्यातून एकदा, सकाळी साडेसात ते नऊ. दुकानाचं शटर आणि कारखान्याचं ऑफिस उघडायच्या आत बैठक संपली पाहिजे. संध्याकाळची वेळ दुकानदाराला जमत नाही, आणि ज्याला जमते तो जेवणाच्या गप्पांना येतो.

पंधरा दिवसांतून एकदा ठेवायचा मोह होईल. एक बैठक चुकली की महिना जातो, आणि महिनाभरात दिलेला शब्द विसरला जातो. आठवड्याचं जमत नसेल तर क्लब काढूच नका, महिन्याची साधी भेट ठेवा.

वार एकदा ठरला की बदलायचा नाही. सोलापुरात आणखी एक गोष्ट बघावी लागते, बाहेरच्या माणसाला ती सुचणार नाही : नळाला पाणी काही दिवसांआड येतं आणि प्रत्येक भागाची पाळी वेगळी. त्यामुळे 'आज पाण्याचा दिवस होता' हे कारण कोणाकडून तरी येणारच. त्यासाठी वार हलवायचा नाही. त्या दिवशी आपल्या जागी माणूस पाठवायची सोय (टप्पा १० बघा) वापरायची.

जागा मध्यभागी घ्या. सात रस्ता, पार्क चौक, रेल्वे लाइन्स हा पट्टा जुळे सोलापूर, होटगी रोड आणि अक्कलकोट रोड एमआयडीसी या सगळ्यांना मधला पडतो. नवी पेठ किंवा चाटी गल्लीच्या आत जागा कितीही चांगली मिळाली तरी गाडी लावायला जागा आहे का ते आधी बघा. खुर्च्या ओळीत नकोत, इंग्रजी 'यू' आकारात मांडता आल्या पाहिजेत, कारण सगळ्यांना सगळ्यांचे चेहरे दिसायला हवेत. एवढं पुरे. एसी, स्टेज, बॅकड्रॉप यांची गरज नाही.

टप्पा ४ : बोलावणं

व्हॉट्सॲपवर सुंदर निमंत्रण टाकून माणसं येत नाहीत. फोन करा, त्यातही शक्य असेल तर दुकानावर जा. आणि आपल्याकडचं 'येतो की' हे उत्तर होकार म्हणून वहीत लिहू नका. 'येतो की' म्हणजे 'तुमचा मान ठेवतो'. होकार कोणता? जो माणूस विचारतो की गाडी कुठे लावायची आणि किती वाजता सुटणार, तो येणार.

फोनवर एवढंच सांगा :

"येत्या बुधवारी सकाळी साडेसातला वीसेक वेगवेगळ्या धंद्यांतले लोक बसणार आहोत. तुमच्या धंद्यातलं दुसरं कोणी नसेल. नऊला सुटतो. नाश्त्याचे दीडशे रुपये ज्याचे त्याने द्यायचे. पंधरा व्हिजिटिंग कार्डं घेऊन या. आवडलं तर पुढचं बोलू, नाही आवडलं तर काही अडचण नाही."

पैशांचं पहिल्याच फोनवर बोलायचं. फुकट नाश्त्याला आलेला माणूस वर्गणीचं नाव काढल्यावर नाराज होतो आणि ते नंतर गावभर सांगतो.

आदल्या संध्याकाळी एक आठवण, सकाळी सात वाजता दुसरी.

*सावधान :* पहिल्या बैठकीला नगरसेवक, आमदार, कोणी 'मान्यवर' नकोत. ते उशिरा येतात, त्यांच्यासाठी बैठक थांबते, आणि दुसऱ्या पक्षाचा व्यापारी दुसऱ्या दिवसापासून येत नाही.

टप्पा ५ : चार चाचणी बैठका

क्लबचं नाव, लोगो, वर्गणी काहीही ठरवण्याआधी चार आठवडे चाचणी बैठका घ्या. पाचजणांनी प्रत्येकी तीन माणसं आणली तर पंधरा-वीसचा गट होतो. या चार बैठकांत तीन गोष्टी कळतात : कोण वेळेवर येतं, कोण फक्त मागतं, कोणाला देता येतं.

वेळापत्रक २४ माणसांसाठी असं धरा :

७:३० ते ७:४५ : चहा, सही, मागच्या आठवड्याच्या चिठ्ठ्या जमा.
७:४५ ते ७:५० : सुरुवात. एक नियम वाचून दाखवायचा, रोज वेगळा.
७:५० ते ८:१० : प्रत्येकी ४५ सेकंद. २४ माणसांना १८ मिनिटं लागतात.
८:१० ते ८:१५ : पाहुण्यांची ओळख.
८:१५ ते ८:२५ : एका सभासदाचं सविस्तर बोलणं, आठ मिनिटं आणि दोन मिनिटं प्रश्न.
८:२५ ते ८:४० : रेफरल देणं आणि मागच्या रेफरलचं काय झालं ते सांगणं.
८:४० ते ८:४५ : हिशेब, पुढचा वक्ता, रिकामे वर्ग.
८:४५ ते ९:०० : नाश्ता.

नाश्ता शेवटी का? गरम इडल्या आधी आल्या की ७:४५ ची बैठक ८:१० ला सुरू होते. चहा आधी, खाणं नंतर.

घड्याळ बघणारा माणूस वेगळा नेमा आणि त्याच्या हातात टेबलावरची घंटी द्या. घंटी वाजली की वाक्य अर्धं राहिलं तरी बसायचं. पहिल्या दोन बैठकांत ज्येष्ठ माणसावर घंटी वाजवायला जीव जड होतो. पण एकदा वाजली की नंतर सगळे आपोआप आवरतात.

भाषेचा प्रश्न सोलापुरात येतोच. तेलुगू किंवा कन्नड घरात बोलणारे अनेक उत्तम कारखानदार मराठी भाषणाला बिचकतात. बैठक मराठीत चालवा, पण ४५ सेकंद ज्याला ज्या भाषेत जमेल त्या भाषेत बोलू द्या. शेजारचा कोणी तरी दोन वाक्यांत सांगेल. ही सूट दिली नाही तर धंद्यात ज्यांचा हात सगळ्यात लांब पोचतो तेच गप्प बसतात.

*तपासा :* चौथ्या बैठकीअखेर निदान १५ माणसं चारपैकी तीन बैठकांना आली आहेत का? नसतील तर पुढचा टप्पा सुरू करू नका, आणखी चार चाचणी बैठका घ्या.

टप्पा ६ : पंचेचाळीस सेकंद कसे वापरायचे

नवीन सभासदाला हे शिकवायला पाचजणांपैकी एकाने अर्धा तास द्यायचाच. नाही शिकवलं तर तो असं बोलतो :

"नमस्कार, आमचा गणवेशाचा कारखाना आहे, वडिलांपासून आहे. क्वालिटी एक नंबर, रेट वाजवी. कोणालाही लागलं तर आमची आठवण ठेवा."

'कोणालाही' हा शब्द ऐकून कोणाचाही चेहरा आठवत नाही. हाच माणूस असं बोलला तर :

"आम्ही शाळांचे गणवेश शिवतो. शाळा जूनमध्ये उघडते, पण गणवेश कोणाकडून घ्यायचा हे त्याच्या कितीतरी आधी ठरतं. या आठवड्यात मला मोहोळ, बार्शी किंवा अक्कलकोटमधली अशी शाळा हवी आहे जिथे पाचशेच्या वर मुलं आहेत आणि जिथल्या मुख्याध्यापकांना किंवा संस्थेच्या सचिवांना तुमच्यापैकी कोणी नावाने ओळखतं. कापडाचा नमुना आणि एक शिवलेला शर्ट मी स्वतः घेऊन जाईन. तुम्ही फक्त भेट ठरवून द्या."

आता टेबलावरच्या टाइल्सवाल्याला त्याच्या मेव्हण्याची शाळा आठवते. फरक तीन गोष्टींचा : नेमकं गिऱ्हाईक, नेमकी जागा, आणि ऐकणाऱ्याने करायचं नेमकं काम. दर आठवड्याला मागणी वेगळी हवी. या आठवड्यात शाळा, पुढच्या आठवड्यात नर्सिंग कॉलेज, त्यापुढे हॉटेलचा स्टाफ.

वकील, सीए आणि डॉक्टर यांच्याबाबत जपून. त्यांच्या व्यावसायिक आचारसंहितेत काम मागत फिरण्यावर आणि जाहिरातीवर बंधनं आहेत. त्यांनी ४५ सेकंदांत काम मागू नये, उपयोगाची माहिती द्यावी : कोणत्या विवरणपत्राची तारीख जवळ आली, भाडेकराराची नोंदणी का करायची, पावसाळ्यात कोणती काळजी घ्यायची. लोक त्यांना तसंही विचारायला येतात.

टप्पा ७ : चिठ्ठी

क्लब टिकतो की मोडतो ते या कागदावर ठरतं. आधी तीन गोष्टींतला फरक सगळ्यांच्या डोक्यात पक्का करा.

'त्या भागात एक नवं हॉटेल होतंय म्हणे' हे कानावर आलेलं.
'हा त्यांचा नंबर, माझं नाव सांगा' हा नंबर.
'मी त्यांच्याशी बोललोय, त्यांना तुमच्या कामाची गरज आहे, ते तुमच्या फोनची वाट बघताहेत' हे रेफरल.

चिठ्ठी फक्त तिसऱ्यासाठी फाडायची. पहिल्या दोन गोष्टी सांगा जरूर, पण त्या वहीत मोजायच्या नाहीत. नाहीतर आकडा फुगतो, काम होत नाही, आणि वर्षाच्या शेवटी 'एवढे रेफरल दिले, धंदा कुठाय?' असा प्रश्न येतो.

छापखान्यातून बिलबुकासारखी पुस्तकं करून घ्या : क्रमांक घातलेली, तीन रंगांच्या तीन प्रतींची. एक प्रत घेणाऱ्याला, एक वहीवाल्याला, एक देणाऱ्याकडे. रकाने : क्रमांक आणि तारीख, देणारा, घेणारा, गिऱ्हाइकाचं नाव आणि फोन, काम काय, कधीपर्यंत, गिऱ्हाइकाला सांगितलंय का, फोन कधी करायचा. मोबाइलवरचा फॉर्मही चालतो, पण समोरासमोर कागद हातात देण्यात जी जबाबदारी येते ती फॉर्ममध्ये येत नाही.

नीट भरलेली चिठ्ठी अशी दिसते. काम : जुळे सोलापूर, दोन बेडरूमचा फ्लॅट, स्वयंपाकघराचा ओटा आणि भिंतीच्या टाइल्स बदलायच्या. कधीपर्यंत : गणपती बसायच्या आत. सांगितलंय का : हो, घरमालकिणीशी बोललो. फोन : सकाळी ११ नंतर, ४ च्या आत. शेरा : आधी एका मिस्त्रीने काम अर्धवट सोडलंय, त्यामुळे तारखेबद्दल विचारतील.

तो शेवटचा शेरा सोन्यासारखा आहे. टाइल्सवाला फोन लावतानाच तारखेची तयारी ठेवून बोलतो.

घेणाऱ्याने काय करायचं : ४८ तासांच्या आत फोन. जमणार नसेल तर तेही गिऱ्हाइकाला आणि देणाऱ्याला कळवायचं. पुढच्या बैठकीत चारपैकी एक शब्द सांगायचा : बोलणं झालं, कोटेशन दिलं, काम मिळालं, फिसकटलं. फिसकटलं तर कारण एका वाक्यात. काम मिळालं तर रक्कम घेणाऱ्यानेच लिहायची, जीएसटी वगळून, आणि पैसे हातात आल्यावर.

देणाऱ्याची जबाबदारी चिठ्ठी देऊन संपत नाही. आठ दिवसांनी त्याने आपल्या माणसाला एक फोन करायचा : "फोन आला का? कसं वाटलं?" सोलापूर एवढं मोठं नाही. एका सभासदाने अरेरावी केली किंवा दोनदा वेळ देऊन गेलाच नाही, तर नाव ज्याने पाठवलं त्याचं जातं, त्याच्या दुकानात येणाऱ्यांमध्ये ते पसरतं, आणि तो पुन्हा कोणाचं नाव कोणाला सुचवत नाही. क्लब बंद पडतात ते बहुतेक याच कारणाने, भांडणाने नव्हे.

*सावधान :* गिऱ्हाइकाला विचारल्याशिवाय त्याचा नंबर चिठ्ठीवर लिहू नका आणि ग्रुपवर तर टाकूच नका.

*सावधान :* सभासदाने सभासदाकडून केलेली खरेदी रेफरलमध्ये धरू नका, वेगळ्या पानावर लिहा. नाहीतर २४ जण एकमेकांचाच माल घेत बसतात आणि बाहेरचं गिऱ्हाईक येतच नाही.

टप्पा ८ : दुकानावर जाऊन भेट

बैठकीत ४५ सेकंद ऐकून कोणी कोणाची शिफारस मनापासून करत नाही. प्रत्येक सभासदाने आठवड्याला एका सभासदाची भेट घ्यायची, ४५ मिनिटं, त्याच्याच जागेवर. हॉटेलात नको. कारखाना बघितला, माल हातात घेतला, कामगार कसे बोलतात ते ऐकलं की मगच माणूस दुसऱ्याला छातीठोक सांगतो.

विचारायचे प्रश्न : तुमचं सगळ्यात चांगलं गिऱ्हाईक कोण होतं आणि ते कुठून आलं? कोणतं काम तुम्ही घेत नाही? गिऱ्हाईक तुमच्याकडे यायच्या आधी कोणाकडे जातं? कोणतं वाक्य माझ्या कानावर पडलं तर मी तुमचं नाव घ्यायचं?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर लिहून घ्या. सोलरवाल्याचं वाक्य असेल 'यंदा लाइट बिल फार आलं', पॅकिंगवाल्याचं असेल 'माल पोचेपर्यंत खोकी फाटली'.

टप्पा ९ : पैसे, खातं, नोंदणी

नमुना हिशेब : वर्षाला ४८ बैठका. जागा आणि नाश्ता मिळून माणशी १५० रुपये धरले तर ७,२०० रुपये. चिठ्ठीपुस्तकं, वही, छपाई, किरकोळ मिळून माणशी १,०००. एकूण ८,२००. वर्गणी महिना ७०० ठेवली तर वर्षाला ८,४०० होतात आणि २४ माणसांत ४,८०० रुपये शिल्लक राहतात. तुमच्या जागेचा दर वेगळा असेल, पण बेरीज अशीच मांडा. वसुली तिमाही आगाऊ करा, २,१०० रुपये. महिन्याची वसुली करणाऱ्याचं मित्रत्व त्यातच संपतं. गैरहजर राहिला म्हणून वर्गणी परत नाही.

खातं कोणा एकाच्या नावावर नको. दोन सह्यांचं खातं काढा. त्यासाठी लेखी नियमावली, खातं उघडायचा ठराव आणि संस्थेच्या नावाचं पॅन लागतं. बाकी कागद शाखेनुसार बदलतात, म्हणून आधी विचारून घ्या. तोवर पैसे एकाच्या खात्यात ठेवावे लागले तर दर बैठकीत शिल्लक वाचून दाखवा.

नोंदणीची घाई नको. १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किमान सात सभासद लागतात, आणि महाराष्ट्रात धर्मादाय कार्यालयाला द्यायचा हिशेब, कार्यकारिणी बदलली की ९० दिवसांत बदल अर्ज, हे सगळं मागे लागतं. शिवाय फक्त धंद्याची देवाणघेवाण हा उद्देश त्या चौकटीत बसेल का, हे सीएला विचारल्याशिवाय अर्ज करू नका. पहिलं वर्ष नियमावली आणि खातं एवढ्यावर निघतं. वर्गणीवर जीएसटीचा प्रश्न कोणी काढेल. सेवेसाठी नोंदणीची मर्यादा वर्षाला २० लाख उलाढालीची आहे, तुमची बेरीज दोन लाखांच्या आसपास.

आता कमिशन. 'रेफरल दिलं की पाच टक्के' असा प्रस्ताव दुसऱ्या महिन्यात येतोच. सरळ नाही म्हणा. डॉक्टरला रुग्ण पाठवण्याबद्दल पैसे देणं-घेणं वैद्यकीय आचारसंहितेत निषिद्ध आहे, सीएला आपली फी बाहेरच्या माणसाशी वाटून घेता येत नाही, विमा एजंटाने कमिशनमधला वाटा सूट म्हणून देणं १९३८ च्या विमा कायद्याने बंद केलंय. म्हणजे काही सभासद त्यात बसतच नाहीत. जे बसतात त्यांचंही गिऱ्हाइकाला कळलं की शिफारशीची किंमत शून्य होते.

टप्पा १० : लेखी नियम, एकाच पानावर

*हजेरी :* तीन महिन्यांत तीन गैरहजेऱ्यांनंतर वर्ग मोकळा. आपल्या जागी भाऊ, मुलगी, मॅनेजर पाठवला तर हजेरी धरायची. सिद्धेश्वराची गड्डा यात्रा, गणपती, दिवाळी, लग्नसराई यांत कोणाची ना कोणाची अडचण असणार, त्यासाठीच वर्षाच्या ४८ बैठका धरल्यात. सुट्टीचे चार आठवडे वर्षाच्या सुरुवातीलाच जाहीर करा.

*प्रवेश :* दोन बैठका पाहुणा म्हणून, मग अर्ज. चौकशी करणाऱ्याने दोन जुन्या गिऱ्हाइकांना फोन करायचा आणि परवाना बघायचा. केटररचा अन्न परवाना, इलेक्ट्रिकल कंत्राटदाराचं लायसन्स, जागा-घरांच्या एजंटाचा महारेरा क्रमांक. भिडेखातर सोडायचं नाही.

*उधारी :* सभासदांमधल्या उधारीला क्लब जबाबदार नाही, हे वाक्य असंच्या असं लिहा. व्यवहार बाहेरच्या गिऱ्हाइकासारखाच करायचा : कोटेशन, बिल, तारीख. 'आपलाच माणूस आहे' म्हणून कोटेशन न घेता दिलेलं काम सगळ्यात जास्त बिघडतं.

*तक्रार :* लेखी, वहीवाल्याकडे. पाचजण दोन्ही बाजू ऐकून १५ दिवसांत निर्णय देतील. ग्रुपवर तक्रार टाकली तर ती ऐकायचीच नाही.

*ग्रुप :* एकच, फक्त पाचजणांना लिहिता येईल असा. सुप्रभात, सण, निवडणूक, 'दहा ग्रुपवर पाठवा' काहीही नाही. तातडीची मागणी असेल तर पाचांपैकी एकाला कळवायची, तो टाकेल.

सगळ्यांच्या सह्या झाल्या की मग नाव ठरवा. चालू असलेल्या एखाद्या मोठ्या नेटवर्किंग संस्थेच्या नावासारखं नाव किंवा तिचे फॉर्म उचलू नका. त्यांची नावं ट्रेडमार्क असतात. आता हॉलचा वर्षाचा करार करा आणि हवा असेल तर फ्लेक्सही लावा.

टप्पा ११ : सहा महिन्यांनी वही उघडा

प्रत्येक नावापुढे पाच आकडे लिहा : दिलेली रेफरल, मिळालेली रेफरल, झालेली कामं, आणलेले पाहुणे, गैरहजेऱ्या. एकूण उलाढालीचा मोठा आकडा फलकावर लावून टाळ्या वाजवू नका. एका घराच्या कंत्राटाने तो फुगतो आणि बाकी वीसजणांचं काय झालं ते झाकलं जातं.

वही अशी वाचा. भरपूर मिळतात पण कामं होत नाहीत, तर दोष फोन न करण्यात किंवा दरात आहे. त्याच्या तीन फिसकटलेल्या चिठ्ठ्यांच्या गिऱ्हाइकांना वहीवाल्याने फोन करावा. देतो भरपूर पण मिळत नाही, तर त्याचे ४५ सेकंद तपासा, किंवा त्याच्या साखळीत माणसं कमी आहेत. ना देतो ना मिळतं आणि हजेरी मात्र पूर्ण, तर तो नाश्त्याला येतो. पाचांपैकी ज्याचं त्याच्याशी जमतं त्याने दुकानावर जाऊन बोलावं, दोन महिने द्यावेत, मग वर्ग मोकळा करावा.

मोकळा झालेला वर्ग लगेच भरू नका. तीन बैठकांत जाहीर करा, आलेल्या नावांची चौकशी करा, आणि गेलेल्या सभासदाच्या हातात असलेल्या चिठ्ठ्यांचं काम पुरं होईपर्यंत त्याच्याकडून निरोप घेत राहा. गिऱ्हाईक क्लबच्या नावावर गेलेलं असतं, तो वर्गातून गेला तरी त्याच्याकडचं काम अर्धं राहता कामा नये.